हरल्याच्या दिवसाचं आइसक्रीम

ऑकलंडच्या अल्बनी भागातल्या आमच्या घरात एक नियम होता, आणि तो माझ्याइतका कडक कुणीच पाळला नाही. मॅचच्या दिवशी मुलगा ऑफिसातून घरी येईपर्यंत निकाल कुणी ऐकायचा नाही, कुणी विचारायचा नाही, आणि चुकून कळलाच तर तोंडातून काढायचा नाही.

मॅच म्हणजे बास्केटबॉलची, अमेरिकेतली. तिकडे रात्र असते तेव्हा न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या दिवशीची दुपार. म्हणजे ऐन मॅचच्या वेळी मुलगा आणि सून ऑफिसात, नात शाळेत, आणि घरात मी एकटी. टीव्हीखालचा डबा आपोआप मॅच रेकॉर्ड करायचा, तेव्हा त्याचा लाल दिवा लागायचा. त्या दिव्यासमोर बसून मी मेथी निवडायची. आत माणसं पळताहेत, आपटताहेत, कुणाच्या तरी अख्ख्या वर्षाचं वाटोळं होतंय, आणि बाहेर मी मेथी निवडतेय! रिमोट हाताशी असायचा. एक बटण दाबलं की झालं. पण उपासाच्या दिवशी समोर भजी तळली तरी माझा हात जात नाही, तसंच हे. त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या डेअरीतसुद्धा जायची नाही. इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात. त्या डेअरीवाल्याच्या गल्ल्यामागे टीव्ही असायचा आणि त्याला सगळ्या गिऱ्हाइकांना स्कोअर सांगायची भारी हौस. दूध संपलं तर बिनदुधाचा चहा, पण डेअरीत पाऊल नाही.

का एवढं? तर संध्याकाळी साडेसहाला मुलगा यायचा, हातपाय धुवायचा, आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसायचो आणि कोऱ्या पाटीने मॅच बघायचो. दिवसभरात तेवढाच तो माझा. एरवी तो लॅपटॉपचा, फोनचा, नातीच्या स्विमिंगचा.

बास्केटबॉल मला कळतो म्हटलं की लोकांना गंमत वाटते. त्यात काय आहे? मुलगा पुण्यात शाळेत असताना सिमेंटच्या कोर्टवर खेळायचा आणि मी तारेच्या जाळीबाहेर डबा घेऊन उभी असायची. उभ्या उभ्या सगळं कळलं. फाउल कशाला म्हणतात, कुणी पास द्यायला हवा होता आणि दिला नाही, कोण नुसता अंगाला घाम आणून दमल्यासारखं दाखवतोय. आणि आणखी एक कळलं. चेंडू हवेत असला, आत जाणार की नाही ते ठरलेलं नसलं, की माझ्या मुलाचे ओठ आत जायचे. दात नसलेल्या म्हाताऱ्याचे जातात तसे, पार आत. मग चेंडू पडला की परत बाहेर. जाळीच्या बाहेरून मी चेंडूकडे कमी आणि त्या ओठांकडे जास्त बघायची.

त्याचे वडील गेले त्या वर्षी, दोन हजार बारात, तो मला घेऊन आला. त्याआधी मी दोनदा येऊन-जाऊन राहिले होते, पण या वेळी विमानतळावर माझी बॅग ढकलता ढकलता म्हणाला, "आई, आता परत जायचं नाही. आता तू इथेच." मी पुण्याची जागा रिकामी करून आले होते. पितळेचे डबे वाटून टाकले, देव तेवढे आणले. कढीपत्त्याची काडी आणायला देत नाहीत, म्हणून इथे एका मराठी बाईंकडून रोप मिळवलं आणि हिवाळ्यात ते घरात, उन्हाळ्यात अंगणात असं त्याचं करत राहिले. कढीपत्ता जगवणारी बाई सहा महिन्यांची पाहुणी नसते, असं माझं आपलं मत.

आता संघाचं सांगते. ऑकलंडचा स्वतःचा संघ त्या वर्षांत जिंकतच होता. पण जिंकणाऱ्यांवर काय जीव लावायचा? त्यांचं चाललेलंच असतं. आम्ही निवडला अमेरिकेच्या मध्यातल्या एका लहान शहराचा संघ. त्या शहराचं नाव माझ्या मुलाच्या अमेरिकन साहेबालाही नकाशावर पटकन सापडेना म्हणे. त्यात एक उंच, किडकिडीत पोरगा होता. हात असे की उभ्याने गुडघा खाजवेल. मी त्याला आमचा लंबू म्हणायची. एकदा बक्षीस घेताना तो आपल्या आईबद्दल बोलता बोलता रडला. झालं, तेव्हापासून तो माझा.

त्या खेळात मोसमाच्या शेवटी बाद फेऱ्या असतात. एकाच संघाशी सात सामन्यांपर्यंत खेळायचं, चार आधी जिंकेल तो पुढे. ही पद्धत फार दुष्ट आहे. एका दिवसात मरण नाही. आज जिवंत, परवा अर्धमेला, तेरवा परत आशा.

दोन हजार तेरात आमचा संघ लवकर बाहेर पडला, म्हणून आम्ही शेवटच्या फेरीत म्हाताऱ्यांच्या संघामागे उभे राहिलो. खरंच, त्या संघात सगळे वयस्कर, खेळाच्या मानाने. गुडघ्यांना पट्ट्या. मला जवळचे वाटले. एक सामना जिंकला की करंडक त्यांचा, अशी वेळ. शेवटची काही सेकंदं उरलेली, म्हातारे पुढे. मैदानाच्या कडेला माणसं पिवळी दोरी घेऊन उभी राहिली, बक्षीस समारंभाची! आणि त्यातूनही हरले. समोरच्याने कोपऱ्यातून चेंडू टाकला, तो गेला, बरोबरी झाली, आणि मग सगळंच गेलं. पुढचा सामनाही हरले. दोरी गुंडाळून घेणाऱ्या त्या माणसाचा हात मला अजून दिसतो. मांडवातून वऱ्हाड परत जावं तसं झालं.

मुलगा किती ओरडला त्या दिवशी! "अरे यार! आई! बघ ना!" उशी फेकली. मी डोळे पुसले. मग तो उठला आणि फ्रीजरमधून आइसक्रीमचा डबा घेऊन आला. हॉकी-पोकी म्हणतात ते. व्हॅनिलात जाळीदार साखरेचे करकरीत खडे असतात. येताना डेअरीतून आणलं होतं त्याने. मी म्हटलं, "बघ, देवाला काळजी. नेमकं आज आणायची बुद्धी दिली तुला." सून ओट्याशी भांडी आवरत होती. तिने नळ जरा मोठा सोडला.

पुढची दोन वर्षंही असंच. लंबूचा पाय मोडला त्या मोसमात आम्ही दुसऱ्याच संघामागे उभे राहिलो, पण शेवटी हरायचोच, आणि हरलो की नेमकं फ्रीजरमध्ये आइसक्रीम असायचं. मी फोनवर पुण्याला भावालाही सांगितलं होतं, आमच्या घरी हरल्याच्या दिवशी आइसक्रीम निघतं, योगायोग बघ. भाऊ हसला. त्यालासुद्धा माझ्याआधी कळलं असेल, आता वाटतं.

मग आलं दोन हजार सोळा. त्या वर्षी समुद्राकाठच्या एका शहराचा संघ कुणाला आटोपतच नव्हता. आणि आमच्या लहान शहराने त्यांना तीन-एकवर आणलं. तीन सामने आमचे, एक त्यांचा. अजून फक्त एक जिंकायचा. मी देवापुढे पेढे ठेवून दिले, खायचे नाहीत म्हणून सगळ्यांना बजावलं.

पाचवा हरलो. ठीक. सहावा आला रविवारी.

रविवार म्हणजे सुट्टी. म्हणजे त्या दिवशी लाल दिवा नाही, मेथी नाही, भर दुपारी लाईव्ह. अल्बनीत असताना बाद फेरीतली लाईव्ह मॅच आम्ही एकत्र बघितली ती तेवढीच. बाकी वेळी रविवार आला की नेमकं कुणाकडे जेवण, कुणाचा वाढदिवस.

आमचे पुढे होते. मग त्यांच्यातला एक जण लांबून टाकतच सुटला. टाकला की आत, टाकला की आत, मधे दोन माणसं नाचताहेत तरी आत. मी बडबडत होते, "धर रे त्याला, अरे हात वर कर मेल्या," आणि माझ्या लक्षात आलं की शेजारून आवाज नाही. वळून बघितलं. मुलगा सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होता. ओरडत नव्हता, उशी नव्हती, "अरे यार" नव्हतं. दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबलेले आणि ओठ आत. पार आत. पुण्याच्या जाळीपलीकडचे ओठ.

मला इतकं भरून आलं की सामना हरल्याचं दुःख पाच मिनिटं उशिरा कळलं.

आणि गंमत बघा, त्या दिवशी फ्रीजरमध्ये आइसक्रीम नव्हतं.

सातवा सामना मंगळवारी. लाल दिवा लागला, मी पालक निवडला, संध्याकाळ झाली, मुलगा आला. येताना हातात पिशवी. ती त्याने सरळ फ्रीजरमध्ये टाकली. आम्ही बसलो. आणि तो परत पूर्वीचा मुलगा! "कम ऑन!" काय, टाळ्या काय, मांडीवर थापा काय. पहिल्या अर्ध्यात आमचे पुढे होते तर म्हणतो, "आई, आज आपलं आहे हं!" मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. ओठ जागच्या जागी. चेंडू हवेत आहे, रिंगवर आपटतोय, बाहेर येतोय, आणि याचे ओठ ढिम्म हलत नाहीत. शेवटाकडे समुद्राकाठच्यांतल्या एकाने लांबून चेंडू टाकायला हात उचलला, अजून चेंडू हातातच होता हो, आणि माझा मुलगा म्हणाला, "गेली."

सामना संपला. तो म्हणाला, "जाऊ दे आई, पुढच्या वर्षी. थांब, आइसक्रीम आणतो."

मी वाटीतलं सगळं खाल्लं. खडे दाताखाली कुरकुरत होते आणि मी एक एक वर्ष मागे जात होते. म्हाताऱ्यांची दोरी. आइसक्रीम. लंबूचा चुकलेला शेवटचा चेंडू. आइसक्रीम. देवाची कसली काळजी? डेअरीतला डबा तो.

दुसऱ्या दिवशी नातीला शाळेतून आणताना विचारलं, "बाबा मॅच ऑफिसात बघतो का गं?"

"ऑफ कोर्स, आजी," ती म्हणाली. "ही वॉचेस इट ॲट लंच. ऑन हिज फोन. हीप्स ऑफ पीपल डू."

"आणि तुला माहीत असतं?"

"एव्हरीवन नोज, आजी." मग थांबली, माझा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "तू रागवू नको हं. बाबा म्हणतो, आजीला आवडतं."

मला आवडतं. मला काय आवडतं ते घरात सगळ्यांना ठाऊक. लाल दिव्यासमोर बसायला आवडतं म्हातारीला, बसू दे. मी बिनदुधाचा चहा प्यायले ते काय उगाच? एकट्याने पाळलेल्या नियमाला काय म्हणायचं, सांगा. पण मी घरात काही बोलले नाही. म्हटलं, एवढ्याशा खेळावरून काय वाद घालायचा.

जुलैत मोसम संपलेला. थंडी मी म्हणत होती, कढीपत्ता घरात खिडकीशी ठेवला होता. एका मंगळवारी संध्याकाळी मुलगा आणि सून एकदमच आले, आणि मुलाच्या हातात ती पिशवी. फ्रीजरचं दार उघडलं, बंद झालं.

मी पोळ्या लाटत होते. लाटणं ठेवलं आणि विचारलं, "आज कोण हरलं?"

"म्हणजे?"

"मॅच तर कुठलीच नाही. मग आइसक्रीम कशाला?"

तो हसायला गेला, पण ते हसू मधेच थांबलं. सुनेकडे बघितलं त्याने. मग म्हणाला, "अगं, एक वाईट बातमी आहे. आपला लंबू गेला संघ सोडून."

"कुठे?"

"त्यांच्याकडेच. समुद्राकाठच्यांकडे."

"ज्यांनी हरवलं त्यांच्याकडे?"

"हो."

खरं सांगते, क्षणभर मी सगळं विसरले. ज्यांनी तुला आणि तुझ्या गावाला रडवलं, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलास? आईबद्दल बोलताना रडणारा तू? मी म्हटलं, "हा काय माणूस आहे! जायचं तर जा, दुसरीकडे कुठे जा. आणि त्या गावाला आधी सांगितलं तरी का त्याने?"

"नाही बहुतेक," मुलगा म्हणाला. "त्यांनाही सगळ्यांबरोबरच कळलं."

तेव्हा सून म्हणाली, "अहो, सांगा ना आता. आईंना अजून किती दिवस..."

मग त्याने सांगितलं. वेलिंग्टनला नोकरी मिळाली होती. सरकारी खात्यात, चांगली. तिकडे घर डोंगरावर, रस्त्यापासून वर नुसत्या पायऱ्याच पायऱ्या, माझे गुडघे असे. भाड्याचं घर, लहान. सगळं स्थिरस्थावर होईपर्यंत मी पुण्याला भावाकडे जावं. "थोडेच महिने आई. घर लागलं की बोलावतो."

"मामाला विचारलंस?"

"बोललोय मामाशी."

"कधी?"

त्याच्याऐवजी सून म्हणाली, "आई, मामांनी तुमच्यासाठी खोली रंगवून घेतलीय."

खोली रंगवून झाली होती! दर रविवारी भाऊ माझ्याशी फोनवर कांद्याचे भाव बोलत होता, आणि त्याच्या मागे रंगारी भिंतीला हात मारत होता. मी नातीकडे बघितलं. ती बुटाच्या लेसशी खेळत होती. म्हणजे तिलाही. नव्या शाळेचं नावसुद्धा नक्की झालं असणार. मे महिन्यापासून, सोफ्यावर बसून तो "आई, पुढच्या वर्षी" म्हणत होता तेव्हापासून, या घरातल्या प्रत्येकाला निकाल ठाऊक होता आणि मी रेकॉर्डिंग बघत होते.

"मॅच तू ऑफिसात आधी बघतोस," मी म्हटलं.

त्याने नाकारलं नाही. तेवढं बरं केलं. म्हणाला, "आई, हरलेली मॅच तू किती मनाला लावून घेतेस. आधी माहीत असलं की मला तयारी करता यायची. तुला एकदम धक्का नको म्हणून."

"धक्का मला बसायचाच होता रे. तो तुला नव्हता बसत. मी एकटीच हरत होते इतकी वर्षं, आणि मला वाटत होतं आपण दोघं."

आइसक्रीम त्या दिवशी कुणी काढलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते तसंच होतं फ्रीजरमध्ये, झाकणावर बर्फ धरलेलं. कढीपत्ता ऑकलंडच्याच बॉटनी भागातल्या एका मराठी घरी दिला. त्या बाई म्हणाल्या, "आजी, परत याल तेव्हा घेऊन जा हं." मी म्हटलं, "ठेवा हो तुम्ही."

थोडे महिने म्हणता म्हणता दोन वर्षं उलटली, वर आणखी काही महिने गेले. भावाकडे मला काही कमी नव्हतं, खोली छान होती, फिकट हिरवी. पुण्यात या मॅचेस सकाळी लागतात. मी लावल्या नाहीत. पेपरात शेवटच्या पानावर कोपऱ्यात लंबूची बातमी यायची, जिंकला, परत जिंकला. मी पान उलटायची. मुलगा फोनवर कधी विषय काढायचा, "आई, बघतेस की नाही?" मी विचारायची, "तिकडे थंडी कशी आहे?"

दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला त्याने बोलावलं. वेलिंग्टनला दुसरं घर झालं होतं, खालच्या रस्त्यावर, पायऱ्या चारच. वारा असा की दोरीवरचे कपडे आडवे उडतात. नात माझ्यापेक्षा उंच झालेली. मी आले, पण या वेळी बॅग पूर्ण रिकामी केली नाही. खालचा एक कप्पा भरलेलाच ठेवला.

मे महिन्यातला एक सोमवार. सकाळी सगळे गेले, मी चहा घेऊन खिडकीशी बसले होते. तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज. मुलगा परत आला होता. वाटलं, काहीतरी विसरला. त्याने बूट काढले, टीव्ही लावला आणि म्हणाला, "सुट्टी काढलीय. सातवा सामना आहे, लाईव्ह. बसतेस?"

मी बसले. चहा तसाच खिडकीत राहिला.

आम्ही पाहुण्या संघाच्या बाजूचे झालो, दुसऱ्यांच्या गावात खेळत होते म्हणून. सामना शेवटच्या सेकंदांवर आला तेव्हा बरोबरी होती. समोरच्या संघाच्या एकाने चेंडू घेतला, पळत पळत कोपऱ्यात गेला, अंगावर हा एवढा उंच माणूस, आणि पडता पडता त्याने चेंडू वर फेकला. चेंडू हवेत असतानाच भोंगा वाजला. आता पडला तर संपलं, नाही पडला तर अजून खेळ. चेंडू रिंगच्या कडेवर आपटला. वर उडाला. परत आपटला. पलीकडच्या कडेवर गेला, तिथे आपटला. अख्खं स्टेडियम गप्प. हे सगळं मी नंतर परत दाखवलं तेव्हा बघितलं. त्या क्षणी मी मुलाकडे बघत होते.

केस पांढरे झालेत त्याचे कानांपाशी. पंजे मांड्यांखाली. ओठ आत.

चेंडू चौथ्यांदा आपटला आणि आत पडला. आपण हरलो. हरलेल्यांतला एक उंच माणूस रडत रडत आत गेला. मुलगा म्हणाला, "गेली, आई."

"गेली," मी म्हटलं.

तो तोंडावर पाणी मारायला गेला. नळ वाहत होता तोवर मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजर उघडून बघितला. मटार होते, खवलेला नारळ होता, पोळ्यांची चळत होती. मटारच्या पिशवीखालीही हात घालून बघितलं. आइसक्रीम नव्हतं.